वाघबकरी, नोंद 9 : तोंडाला कुलूप आणि तीन संध्याकाळी

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की माझा वाघबकरीचा मोबाइल गेम ‘जवळजवळ तयार’ आहे. ते वाक्य मागे घेते.

प्ले स्टोअरचा नियम तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. 13 नोव्हेंबर 2023 नंतर वैयक्तिक खातं काढलं असेल, तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान 12 जणांना सलग 14 दिवस बंद चाचणीत (म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत) ठेवावं लागतं. माझं खातं त्यानंतरचंच. मग काय, बारा माणसं जमवणं आलं. सात जण आपल्या पटखेळवाल्या कंपूतून मिळाले, दोघं ऑफिसातले, आणि तीन नातेवाईक, ज्यांना नाही म्हणता आलं नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: मी गोडो इंजिनमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बनवतेय तो नेपाळचा बाघचाल. पाच बाय पाचचा पट, 25 बिंदू, चार कोपऱ्यांत चार वाघ आणि हातात 20 बकऱ्या. बकऱ्या एकेक करून मांडायच्या, सगळ्या मांडून होईपर्यंत एकही हलवायची नाही. वाघ बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातो. पाच खाल्ल्या की वाघ जिंकला, चारही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या.

चौदा दिवसांत अभिप्रायाचे फॉर्म भरून आले. निम्म्यांत ‘मस्त गं’, ‘छान झालंय’, याच्यापुढे अक्षर नाही. उरलेल्यांत मात्र पाच जणांनी, एकमेकांशी न बोलता, एकच गोष्ट लिहिली होती: वाघ फार भारी पडतात, तीनच ठेव. नोंदवलेले डाव उघडून बघितले. 43 पैकी 36 डाव वाघांनी जिंकलेले. झालं, मी एक वाघ काढायला बसलेच होते. (दक्षिणेत तीन वाघांचा खेळ आहेच, पण तिथे पट वेगळा आणि बकऱ्या 15. नुसता वाघ उचलून भागत नाही.)

मग आठवलं ते हाफ-लाइफ. 1998 च्या त्या गेमसाठी, तो बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने, प्रकाशक सिएराकडे ग्राहकांनी भरून पाठवलेल्या नोंदणी कार्डांवरून बाहेरची माणसं बोलावली होती. खेळाडू दोन तास खेळणार आणि ज्याने ती पातळी बनवली तो त्याच्या मागे बसणार. बोलायचं नाही, सुचवायचं नाही, नुसतं बघायचं. अशा दोनशेच्या वर बैठका त्यांनी केल्या. आपण निदान तीन तरी करू, म्हणून तिघांना एकेका संध्याकाळी घरी बोलावलं आणि पोह्यांची लाच दिली.

पहिली मावशी. तिने वाघ घेतले. तिसऱ्या खेळीला एक वाघ कडेवरून तिरका आत न्यायला गेली. तिथून तिरकी रेघच नाही! 25 पैकी 12 बिंदूंवरून तिरकं जाता येत नाही, पण माझ्या पटावरच्या रेघा इतक्या फिकट की तिला ते दिसणार कसं? तिने बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मग जोरात दाबलं, मग फोन पदराला पुसून दाबलं. “अगं, हा वाघ हटून बसलाय,” म्हणाली. मी मागे जीभ चावून बसलेले. तिने फोन बंद करून परत चालू केला, तेव्हा माझा संयम सुटता सुटता राहिला. फॉर्ममध्ये हीच मावशी लिहून गेली होती, ‘काही अडचण नाही’.

दुसऱ्या दिवशीचा गडी ऑफिसातला. त्याने पहिली बकरी मधोमध ठेवली, दुसरी तिच्या शेजारी, आणि मग एकेक गमावत गेला.

तिसरी आमच्या ऑफिसातलीच, नेपाळातल्या पोखऱ्याची. लहानपणापासून खेळलेली. तिने बकऱ्या घेतल्या, काही न बोलता कडेकडेने मांडत गेली आणि तीन डाव ओळीने जिंकली. चौथा मी तिच्याशी खेळले, तोही तिनेच घेतला. तिचं गणित साधं: कडेच्या बकरीवरून उडी मारायची तर ती कडेच्याच रेघेवरून, म्हणजे दोनच बाजूंनी. मधल्या बकरीवर आठही बाजूंनी येता येतं. म्हणजे वाघ भारी नव्हतेच. आपली बकरी कधी सापळ्यात आहे, हेच कुणाला दिसत नव्हतं. पाचही जणांचं दुखणं खरं होतं, औषध मात्र चुकीचं.

वाघ चारच ठेवले. नव्या आवृत्तीत सोंगटी उचलली की ती जिथे जाऊ शकते तेवढ्याच रेघा उजळतात. पुढच्या चालीत जी बकरी खाल्ली जाऊ शकते तिचे कान हलतात. कानांचं अ‍ॅनिमेशन जेमतेम चार चित्रांचं, पण अख्खा रविवार गेला. त्याच बारा जणांचे नंतरचे 19 डाव झाले, त्यात वाघ 11, बकऱ्या 8.

एक रड ऐकून घ्या. फॉर्ममध्ये बकऱ्यांचे वेगवेगळे रंग चौघांनी मागितले होते. दोन रविवार घालून तांबडी, काळी, बांडी अशा बकऱ्या केल्या. बाराही जण पांढरीच वापरताहेत, मागणारे चौघंसुद्धा. लॅरियन या कंपनीने ऑक्टोबर 2020 मध्ये आपल्या बाल्डर्स गेट 3 या गेमचा पहिला अंक खेळाडूंपुढे ठेवला, तेव्हा आपलं पात्र घडवायला शिंगं, शेपट्या, राक्षसी डोळे सगळं दिलं होतं. लोकांनी सर्वांत जास्त निवडलेलं एकत्र केल्यावर निघाला अगदी साधासुधा चेहरा, आणि कंपनीने त्यावरून खेळाडूंची जाहीर थट्टा केली. मला थट्टा करायची सोय नाही, त्यात मावशी आहे.

आता अडलंय ते बरोबरीवर. सगळ्या बकऱ्या मांडून झाल्या की कधीकधी दोघंही तीच चाल पुढेमागे करत बसतात. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सोडवावा, असं माझ्या मनात आहे. पोखऱ्यावालीला विचारलं. त्यांच्या घरी अशा वेळी आजी येऊन पट उधळून द्यायची म्हणे. तसं एक बटण कर, असा तिचा आग्रह आहे.