पाच हजार कबरी आणि मेलेलं कुणीच नाही

स्पेनमधल्या बुर्गोसहून सोरियाच्या रस्त्याला लागायचं, होर्तिग्वेला नावाचं खेडं आलं की हमरस्ता सोडायचा आणि अर्लान्सा नदीच्या काठाकाठानं कोवारुबियासकडे निघायचं. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, उतारांवर सबिनाची बुटकी, काळपट हिरवी झाडं आणि वर गिधाडं. सप्टेंबर संपत आला होता, हवेत बऱ्यापैकी गारवा होता. गाडी मामेभाऊ चालवत होता. तो माद्रिदला नोकरी करतो, आणि सुट्टीचे दिवस माझ्या या खुळापायी घालवायला का तयार झाला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

"दादा, हे टेक्सास म्हणून खपवलं होतं?"

"न्यू मेक्सिको. साल 1862, अमेरिकेतलं यादवी युद्ध."

"कुणी विश्वास ठेवला?"

सगळ्या जगानं ठेवला. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' 1966 सालच्या डिसेंबरात इटलीत लागला. दिग्दर्शक सर्जिओ लिओनी रोमचा, संगीतकार एन्नियो मोरिकोने रोमचाच, वाळवंटाचे प्रसंग दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियातले आणि युद्धाचा बराचसा भाग इथला, बुर्गोस प्रांतातला. सेटवर जो तो आपापल्या भाषेत संवाद म्हणायचा, नंतर सगळं डब व्हायचं. अशा कारभारातून निघालेल्या चित्रपटाला अमेरिकन समीक्षकांनी सुरुवातीला नाक मुरडलं यात नवल नाही. रॉजर ईबर्ट यांनी त्या वेळी तीन तारे दिले होते. पुढे त्यांनीच लिहिलं की परीक्षण चार ताऱ्यांचं होतं, पण 'स्पॅगेटी वेस्टर्न', म्हणजे इटालियनांनी केलेला काउबॉयपट, ही काय कला असणार, असं वाटून एक तारा कापला.

आदल्या रात्री बुर्गोसच्या खोलीवर भावाला मी हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला होता. पहिली दहा मिनिटं कुणी चकार शब्द बोलत नाही, तेव्हा त्यानं आवाज बंद झाला असं समजून रिमोट हातात घेतला होता.

याच अर्लान्सावर लिओनीनं लाकडी पूल बांधून घेतला. चित्रपटात दोन्ही सैन्यं त्या पुलासाठी रोज माणसं मारून घेतात, आणि पलीकडच्या दफनभूमीत पुरलेल्या सोन्यापर्यंत जाता यावं म्हणून ब्लाँडी (क्लिंट ईस्टवुड) आणि दरोडेखोर टुको तो उडवून देतात. पूल बांधला स्पॅनिश सैन्यानं. तो हुकूमशहा फ्रँकोचा काळ होता. हुकूम सुटला की सैनिक हजर आणि खर्च नाममात्र, त्यामुळे निर्मात्यांची चंगळच होती. पूल उडवायच्या दिवशी बटण दाबायचा मान एका सैन्याधिकाऱ्याला दिला होता. त्याला इशारा चुकीचा ऐकू आला आणि कॅमेरे सुरू होण्याआधीच पूल आकाशात गेला. मग सैन्यानं तो पुन्हा बांधला आणि पुन्हा उडवला. पडद्यावर दिसतो तो हा दुसरा.

नदी इथे इतकी अरुंद आहे की भाऊ म्हणाला, "पँट वर करून पलीकडे गेले असते की."

थोडं पुढे सान पेद्रो दे अर्लान्साचा मठ लागतो. दहाव्या शतकात स्थापन झालेला, एकोणिसाव्या शतकात मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या तेव्हा ओस पडलेला. चित्रपटातलं जखमी सैनिकांचं इस्पितळ ते हे. गंमत म्हणजे त्या इस्पितळाची बाहेरची बाजू अल्मेरियात आहे, देशाच्या थेट दुसऱ्या टोकाला. टुको अर्धमेल्या ब्लाँडीला घेऊन अल्मेरियात दारात शिरतो आणि आत पाय ठेवतो तो बुर्गोसमध्ये.

मला विचाराल तर सगळा चित्रपट या मठातल्या प्रसंगावर उभा आहे. टुकोचा पाद्री झालेला भाऊ त्याला इथेच भेटतो. आई-बाप वारले, तू कुठे होतास, असा जाब विचारतो. टुको म्हणतो, आपल्याकडे उपाशी मरायचं नसेल तर एक तर पाद्री व्हायचं नाही तर दरोडेखोर, तू सोपी वाट धरलीस. दोघांची हाणामारी होते. बाहेर घोडागाडीत बसल्यावर हाच टुको ब्लाँडीला फुशारक्या मारतो, की भावाचा माझ्यावर फार जीव, मी कधीही आलो तरी माझ्यासाठी वाडगाभर सूप तयार असतं. ब्लाँडीनं आतलं सगळं ऐकलेलं असतं. तो काही बोलत नाही, आपल्या तोंडातला चिरूट त्याला देतो. टुको तो चघळतो आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू येतं. पोस्टरवर क्लिंट ईस्टवुड असतो, टी-शर्टवर ईस्टवुड असतो, पण चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या माणसाला पकडून बसवा, तो दहा मिनिटांत टुकोवर येतो. टुको झालेला ईलाय वॉलॅक हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर मुरलेला नट. या चित्रपटात तो दोन-तीनदा मरता मरता वाचला. रेल्वेच्या प्रसंगात डब्यांच्या लोखंडी पायऱ्या त्याच्या डोक्याला अगदी घासून गेल्या, आणि त्या तिथे आहेत हे कुणी पाहिलंच नव्हतं.

सान्तो दोमिंगो दे सिलोस गावात आम्ही जेवलो. तिथल्या बेनेडिक्टाइन मठाची दुमजली ओवरी युरोपातल्या सुंदर रोमनेस्क कामांपैकी आहे आणि तिथल्या साधूंच्या ग्रेगोरियन गायनाची सीडी 1994 मध्ये लाखांनी खपली होती. माणसं खास त्यासाठी येतात. आम्ही ओवरी झरझर बघितली आणि निघालो. हे बरं दिसत नाही, मान्य आहे, पण दिवस छोटा होता.

गावापासून सॅड हिल, म्हणजे चित्रपटाच्या शेवटाची ती दफनभूमी, चार-पाच किलोमीटर. कच्चा रस्ता, सबिनाचं रान, अधूनमधून चरणाऱ्या गाई. मग मिरांदियाचं खोरं उघडतं आणि खाली ते दिसतं: मधोमध दगडी फरसबंदीचं मोठं वर्तुळ आणि त्याच्याभोवती वळ्यावळ्यांनी पसरत गेलेल्या कबरी, प्रत्येकीवर लाकडी क्रूस. पाच हजारांहून जास्त. कलादिग्दर्शक कार्लो सीमीनं आराखडा केला आणि सुमारे 250 सैनिकांनी मातीचे उंचवटे रचून ही दफनभूमी उभी केली. आत पुरलेलं कुणीच नाही. चित्रीकरण झालं, मंडळी निघून गेली आणि खोरं गाई-गवताच्या ताब्यात गेलं. जवळपास अर्धं शतक.

2015 मध्ये इथल्या काही स्थानिक वेड्यांनी ठरवलं, उकरून बघायचं. सॅड हिल सांस्कृतिक संघटना या नावानं ते एकत्र आले, सुट्टीच्या दिवशी कुदळी-फावडी घेऊन खोऱ्यात उतरू लागले. गवताखाली, मातीखाली वर्तुळाची फरसबंदी जशीच्या तशी निघाली. समाजमाध्यमांवर हाक दिली तशी स्पेनभरातून, मग फ्रान्स-इटलीहून माणसं माती उपसायला यायला लागली. पैसा उभा करायला त्यांनी युक्ती काढली: 15 युरो द्या, एका क्रूसावर तुमचं नाव रंगवू. 2016 च्या जुलैत, चित्रपटाच्या पन्नाशीला, याच दफनभूमीत पडदा लावून तो दाखवला आणि ईस्टवुडनं ध्वनिचित्रफितीतून त्यांचे आभार मानले. त्या सगळ्या खटाटोपावर गियेर्मो दे ऑलिव्हेइरा यानं माहितीपट केला आहे, तो जरूर पाहा.

आता चित्रपटातलं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य आठवा. ब्लाँडी टुकोला सांगतो, जगात माणसं दोन प्रकारची, भरलेलं पिस्तूल हातात असणारी आणि खणणारी. तू खण. टुको दोन लाख डॉलरच्या सोन्यासाठी खणतो. ही माणसं त्याच जमिनीत, खाली काही नाही हे पक्कं ठाऊक असताना, रविवारची झोप मोडून खणत होती. चाहत्यांचं प्रेम म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आम्ही गेलो तेव्हा पोंचो घातलेले दोन फ्रेंच मोटारसायकलवाले होते आणि बिल्बाओचं एक निवृत्त जोडपं. त्यातल्या आजोबांनी भावाला स्पॅनिशमध्ये विचारलं, "माझी कबर बघायचीय?" पैसे भरून स्वतःचं नाव घातलेला क्रूस त्यांनी आम्हाला मोठ्या कौतुकानं दाखवला, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आजीबाई लांब उभ्या होत्या. त्यांना यात काडीचा रस नव्हता, आणि बाजूची कबर आपल्या नावे करायला त्यांनी साफ नकार दिल्याचंही आजोबांनीच सांगितलं. मी मराठी आडनाव कुठे दिसतंय का म्हणून बराच वेळ ओळी धुंडाळल्या. सापडलं नाही.

आणि मग सगळे जे करतात ते मीही केलं. पळालो. टुकोला दफनभूमीचं नाव माहीत असतं, कबरीवरचं नाव माहीत असतं, पण हजारो कबरींत ती कुठली हे माहीत नसतं, म्हणून तो धावत सुटतो. मोरिकोनेचं 'एक्स्टसी ऑफ गोल्ड' सुरू होतं, एद्दा देल्लोर्सोचा शब्दावाचूनचा आवाज वर चढत जातो, कॅमेरा गरगरत जातो आणि क्रूसांच्या नुसत्या रेघा होतात. हेच संगीत लावून मेटालिका हा बँड वर्षानुवर्षं आपल्या मैफिली सुरू करतो. भावानं मोबाइलवर ते लावलं, मी दोन वळी पुरी केली आणि कमरेवर हात ठेवून थांबलो. धावता धावता टुकोच्या समोर एक कुत्रं येतं आणि तो दचकतो, ते दचकणं खरं आहे. लिओनीनं वॉलॅकला न सांगता कुत्रं सोडलं होतं.

जागेवर गेल्याशिवाय कळत नाहीत अशाही काही गोष्टी आहेत. टुको कबर उकरत असतो आणि अचानक त्याच्या पुढ्यात फावडं येऊन पडतं. ब्लाँडी आलेला असतो. क्षणभरानं दुसरं फावडं, सोन्यामागे लागलेला तिसरा, एंजल आइज, आलेला असतो. मी त्या बाजूला उभा राहून पाहिलं. चहूकडे उघडं रान आहे, माणूस खोऱ्यात उतरल्यापासून दिसतो. ईबर्ट यांनीच म्हटलं आहे की लिओनीच्या जगात जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते पात्रांनाही दिसत नाही. घरी पाहताना हे कधी खटकलं नव्हतं, तिथे उभं राहिल्यावर हसूच आलं. तसंच नदीचं. चित्रपटात पूल उडाला की पलीकडे दफनभूमी. प्रत्यक्षात मध्ये अख्खा डोंगर आहे.

चित्रपटाच्या शेवटी तिघांची पिस्तुलांची लढत होते त्या वर्तुळात आम्ही तीन कोपऱ्यांवर उभे राहिलो: मी, भाऊ आणि तिसरे बिल्बाओचे आजोबा. इतक्या अंतरावरून समोरच्याचे डोळे दिसत नाहीत. पडद्यावर मात्र मिनिटांमागून मिनिटं फक्त डोळे, बोटं, पिस्तुलाची मूठ, पुन्हा डोळे, आणि प्रत्येक फेरीला तुकडे छोटे होत जातात. गोळी सुटायला काही सेकंद लागतात, पण लिओनी तिची वाट बघायला लावतो. हा चित्रपट आवडणाऱ्यांना ही वाट बघणं आवडतं, असं माझं मत आहे. ज्यांना आवडत नाही त्यांचंही म्हणणं हेच असतं, की किती वाट बघायची. मधला तासभर सैल आहे, हे मीसुद्धा कबूल करतो. 2003 मध्ये इंग्रजी आवृत्तीत जुने कापलेले प्रसंग परत घातले, त्यासाठी म्हाताऱ्या ईस्टवुड आणि वॉलॅकनी आपल्याच तरुणपणाला आवाज दिला. ऐतिहासिक मोल असेल, पण चित्रपट त्यानं आणखी सैल झाला.

आपल्याकडे ज्यांच्यापर्यंत हे वेड थेट आलं नसेल त्यांच्याकडेही 'शोले'तून आलेलंच आहे. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग लिओनीच्या 1968 च्या पुढच्या वेस्टर्नमधून उचललेला आहे. रामनगरच्या खडकांत रामगड उभं राहिलं, तसं बुर्गोसमध्ये न्यू मेक्सिको.

एक गोष्ट मात्र मनात घोळत राहिली. याच बुर्गोस प्रांतात, ला पेद्राखाच्या डोंगरात, स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात मारून टाकलेल्यांची सामूहिक कबर आहे. 2010 मध्ये तिथे उत्खनन झालं, शंभराहून जास्त माणसांचे अवशेष निघाले. तिथे क्रूस नव्हते, नावं नव्हती. फ्रँकोच्या राजवटीत त्याबद्दल बोलायची सोय नव्हती, आणि त्याच राजवटीच्या सैनिकांनी 1966 मध्ये परक्या देशाच्या यादवी युद्धातल्या मेलेल्यांसाठी पाच हजार खोट्या कबरी व्यवस्थित ओळीनं रचल्या. लिओनीच्या मनात हे होतं का, त्यावर मी काही म्हणणार नाही. पण पुलावरची कत्तल बघून ब्लाँडीसारखा माणूसही म्हणतो, इतकी माणसं इतकी फुकट गेलेली कधी पाहिली नव्हती. आणि पूल उडवल्यावर मरणाऱ्या एका पोराच्या अंगावर आपला कोट घालतो, त्याला चिरूट ओढायला देतो. बंदुकबाजीचा चित्रपट म्हणून पाहायला बसलेल्याला हे प्रसंग अनपेक्षित गाठतात.

जाणार असाल तर एवढंच: तिकीट नाही, दुकान नाही, पाणी नाही, सावली जवळजवळ नाही. पाऊस झाला असेल तर गाडी सिलोसलाच ठेवून चालत जा. क्रूसांना टेकू नका, ते लोकांनी हातानं बसवलेले आहेत.

परतीच्या वाटेवर भावानं एकदम सांगितलं की शेवट ही शुद्ध फसवणूक आहे. ब्लाँडीनं आदल्या रात्रीच टुकोच्या पिस्तुलातल्या गोळ्या काढलेल्या असतात, म्हणजे लढत तिघांची नाहीच, दोघांची. मग त्या डोळ्यांना आणि बोटांना अर्थ काय? मी म्हटलं, अरे, टुकोला ते कुठे माहीत असतं, आणि पहिल्यांदा पाहताना तुला तरी कुठे माहीत होतं? तो म्हणाला, पण दुसऱ्यांदा पाहताना असेल ना. म्हणजे दुसऱ्यांदा पाहणार आहेस तर, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं विषय बदलून लेर्माला कॉफीसाठी थांबायचं का ते विचारलं.