मिड व्हेरियंटची डायरी, भाग ४: सगळं भांडण 'मुळे'वर

मंडळी, मागच्या भागाला पाच महिने झाले. डायरी थांबली होती, कारण गाडीवर काम करण्याऐवजी मी ईमेल लिहीत बसलो होतो. विषय एकच: गाडीत बदल केले तर वॉरंटी जाते का. ईमेल का, ते पुढे येईलच.

नव्यांसाठी थोडक्यात: पेट्रोल हॅचबॅक, मधलं व्हेरियंट, पुण्यात घेतलेली. टॉप व्हेरियंटला सव्वा लाख जास्त पडत होते. ते वाचवायचे आणि निम्म्या पैशात तेच सगळं स्वतःच्या हातांनी बसवायचं, असा माज. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी. गाडी कुठल्या कंपनीची, सर्व्हिस सेंटर कुठलं, हे लिहिणार नाही. अजून दोन वर्षं त्यांच्याच दारात जायचं आहे.

ओडो ४१० (ओडोमीटरवरचे किमी): हेडलाइट

मधल्या व्हेरियंटला साधे एच४ हॅलोजन, ६०/५५ वॉटचे (हाय बीम/लो बीम). पहिल्याच रात्री ताम्हिणीतून येताना कळलं की पुढे दिवा नाही, दिव्याचा भास आहे. नाना पेठेत विचारलं तर पहिल्या दुकानदाराने १००/९० चे बल्ब काढून समोर ठेवले. ते मी घेतले नाहीत. १०० वॉट म्हणजे १२ व्होल्टला आठ अँपिअरच्या वर करंट. कंपनीची वायर आणि स्विच पाच अँपिअरच्या हिशेबाने दिलेले असतात. कपलर (वायर जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) पिवळा पडतो, मग वितळतो, आणि वितळलेला कपलर बघून सर्व्हिस सेंटरचा अ‍ॅडव्हायझर काय म्हणेल ते सांगायला ज्योतिषी नको. समोरच्याचे डोळे दिपतात आणि असे बल्ब नियमातही बसत नाहीत, हे वेगळंच.

त्याऐवजी बल्ब तेच ठेवले आणि रिले हार्नेस टाकला. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच, हार्नेस म्हणजे वायरांचा तयार जुडगा. मूळ कपलर आता फक्त रिलेला 'चालू हो' एवढं सांगतो. खरा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे जाड वायरने थेट बल्बला. मोजमाप: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर आधी १२.६, हार्नेसनंतर १३.७. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढतो, म्हणजे कागदावर तीसेक टक्के जास्त उजेड, तोही बल्ब न बदलता. बल्बचं आयुष्य घटतं, पण बल्ब स्वस्त आहेत.

एक सूचना. काही नव्या गाड्यांत हेडलाइट थेट बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, काचा वगैरे सांभाळणारा कॉम्प्युटर) चालवतं. तिथे रिले लावला की दिवे लुकलुकतात किंवा डॅशवर बल्ब गेल्याची खूण येते. आधी वायरिंग डायग्राम शोधा, मग खरेदी.

वॉरंटीच्या दृष्टीने हे काम मला अजूनही आवडतं. एकही वायर कापली नाही, कपलरला कपलर. सर्व्हिसच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटांत बाहेर निघतं. मी मात्र काढत नाही. लपवायला लागलो की आपलीच बाजू लंगडी पडते.

ओडो १,९५०: पुढचे स्पीकर

दोन्ही पुढच्या दारांत ६.५ इंची कंपोनंट (ट्वीटर वेगळा असलेले), अडॅप्टर कपलर लावून. आवाजाबद्दल भाग २ मध्ये लिहिलंय. राहिलेलं हे: दाराच्या ट्रिममागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. काचेवरून आत उतरलेलं पाणी तो केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकरवाली पोरं तो टराटरा फाडतात. पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट ओलं होतं, मालक वॉरंटीत जातो, आणि फाटलेला पडदा समोर येतो. तिथे बोलायला जागाच उरत नाही. डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारी) लावताना दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं बुजवली तर तेच: दार आतून गंजतं आणि गंजाची वॉरंटी आपणच घालवलेली असते. मी पडदा ड्रायरने गरम करून सोडवला आणि ब्यूटाइल पट्टीने परत चिकटवला. एका दाराला दीड तास लागला.

ओडो ४,३००: डॅशकॅम, म्हणजे माझं पाप

पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग) हवा होता, म्हणून गाडी बंद असतानाही सुरू राहणारी लाइन हवी. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा लाइन काढणारा तुकडा) मागवला होता, तो यायला चार दिवस होते. मला रविवारीच काम संपवायचं होतं. फ्यूजबॉक्समागची कायम चालू असलेली वायर शोधली आणि तिला निळी क्लिप मारली. ती पत्र्याची पाती इन्शुलेशनमध्ये रुतवून जोड देणारी, सगळ्यांना माहीत असलेली क्लिप. ती वायरचे दोन-चार धागे तोडते हेही सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं.

ओडो ६,८७०: बॅटरी झोपली

चार दिवस गावाला गेलो. परत आलो तर रिमोटला दार उघडेना. बॅटरीवर ९.८ व्होल्ट. टो करून सर्व्हिस सेंटर. तिथे निळी क्लिप सापडली, तिचे तीन कोनांतून फोटो निघाले आणि जॉबकार्डवर लिहिलं गेलं: 'आउटसाइड फिटिंग, इलेक्ट्रिकल वॉरंटी नॉट अ‍ॅप्लिकेबल.' मी न वाचता सही केली. या डायरीतून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही सही घ्या.

घरी आणून मोजलं. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर, निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्या मध्ये. बोनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केलं म्हणजे गाडीला बोनेट लागल्यासारखं वाटतं. मग गाडी लॉक करून चाळीस मिनिटं थांबलो. आतली मॉड्यूलं झोपल्याशिवाय आकडा खरा येत नाही. झोपलेल्या गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत घ्यावं. माझी ३१० घेत होती. दिवसाला साडेसात अँपिअर-तास, चार दिवसांत तीस. बॅटरी ३५ ची.

त्यामुळे बॅटरीचा क्लेम नाकारला ते बरोबरच होतं. नवी बॅटरी खिशातून, तक्रार नाही.

ओडो ९,४१०: डाव्या मागच्या दाराची काच

एक दिवस खाली गेलेली काच वर येईना. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. अ‍ॅडव्हायझरने कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकला, जुनी नोंद वाचली आणि हसतमुखाने म्हणाला, "सर, इलेक्ट्रिकलची वॉरंटी गेली ना तुमची." एस्टिमेट ४,६०० रुपये.

आता मी वॉरंटीचं पुस्तक उघडलं. गाडी घेतल्यापासून ग्लोव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. इंग्रजी मजकूर आहे, पण अर्थ असा: कंपनीने मान्य न केलेल्या भागांमुळे किंवा बदलांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही. शाळेत शब्दयोगी अव्यय म्हणून घोकलेला तो 'मुळे'. डॅशकॅममुळे बॅटरी बसली, मान्य. डॅशकॅममुळे मागच्या दाराची मोटर कशी जळली? पूर्ण वॉरंटी रद्द होण्याची कारणं त्या पुस्तकात वेगळी दिली आहेत: ओडोमीटरशी छेडछाड, शर्यतीत वापर वगैरे. 'इलेक्ट्रिकल वॉरंटी' नावाचा वेगळा डबा, जो एका क्लिपने अख्खा रद्द होतो, तो मला कुठे दिसला नाही.

मी मागितलं एकच: दार माझ्यासमोर उघडा. मागच्या दारांना मी कधी हात लावला नव्हता. ट्रिमच्या क्लिपा कारखान्यातून आल्या तशाच कोऱ्या होत्या, त्याचे फोटो या वेळी मी काढले. मोटरच्या कपलरवर मीटर लावायला सांगितला. स्विच दाबला की १२.४ व्होल्ट येत होते, मोटर ढिम्म. वीज पोचतेय आणि मोटर फिरत नाही म्हणजे वायरिंग ठीक, दोष मोटरचा. टेक्निशियनला ते लगेच पटलं. अ‍ॅडव्हायझरला नाही. पटलं असतं तर जुनी नोंद चुकीची होती असं झालं असतं.

मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल. भावना शून्य, प्रश्न तीन: कोणत्या कलमाखाली नकार देताय? कोणत्या बदलामुळे हा भाग बिघडला असं तुमचं म्हणणं आहे? तपासणीचा अहवाल लेखी मिळेल का? सोबत फोटो आणि व्होल्टेजची नोंद.

एक संदर्भही जोडला. स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. कंपन्या अपिलात गेल्या, ते असो. त्या आदेशात एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण दुरुस्तीचं होतं, मॉडिफिकेशनचं नव्हे, त्यामुळे माझ्या गाडीला ते थेट लागू आहे असा दावा मी केला नाही. पण तर्क तोच, पुन्हा 'मुळे'.

इथे एक खटकणारी गोष्ट. यूट्यूबवर आपली पोरं छातीठोकपणे सांगतात की 'कायद्याने कंपनीला सिद्ध करावं लागतं'. तो कायदा अमेरिकेचा आहे, १९७५ चा मॅग्नसन-मॉस. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ त्याच्या जोरावर सर्व्हिस काउंटरवर वाद घालतो, आणि तिथे तो घालू शकतो. पुण्यात त्या कायद्याचं नाव घेतलंत तर चहा मिळेल, मोटर नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, १९१५ ही हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा आयोग आहे.

माझं तिथवर गेलं नाही. नवव्या दिवशी कंपनीच्या एरिया मॅनेजरचा फोन आला, दोन दिवसांनी मोटर बदलून मिळाली, बिल शून्य. जॉबकार्डवरची ती नोंद मात्र पुसली नाही. तिच्याखाली नवी ओळ आली: 'डॅशकॅम सर्किटपुरतं'. या वेळी सही करण्याआधी दोनदा वाचलं.

मधेच: ईसीयू रिमॅप

तिघांनी विचारलं म्हणून. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रिमॅप म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदलणं. माझी गाडी टर्बो नाही, त्यामुळे मला मोहच नाही. ज्यांना आहे त्यांनी 'सर्व्हिसच्या आधी स्टॉक मॅप (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) परत टाकतो' या भरवशावर राहू नये. ईसीयू सॉफ्टवेअरच्या पडताळणीचा आकडा ठेवतो, आणि बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा फ्लॅश झालं, म्हणजे सॉफ्टवेअर टाकलं गेलं, याचीही मोजणी असते. फोक्सवॅगन-ऑडीच्या जगात 'टीडी१' हा शब्द कुप्रसिद्ध आहे: डीलरच्या यंत्राला फॅक्टरीपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर दिसलं की गाडीच्या नोंदीवर ती खूण लागते, आणि इंजिन-गिअरबॉक्सचे क्लेम त्यापुढे अवघड होतात. शिवाय इथे 'मुळे' कंपनीच्या बाजूने असतो. टॉर्क वाढवलात आणि क्लच गेला, तर संबंध नाही हे कुठल्या मीटरने दाखवणार? रिमॅप करायचाच तर क्लच आणि टर्बोचे पैसे बाजूला ठेवून करा.

ओडो ११,२४०: आजची स्थिती

डॅशकॅम परत बसवला. या वेळी फ्यूज टॅप, इग्निशनच्या लाइनवर, पार्किंग मोडला रामराम. निळी क्लिप काढली. जिथे ती रुतली होती तिथली वायर सोल्डर करून हीटश्रिंक चढवली आणि आधी-नंतरचे फोटो ठेवले. झोपलेली गाडी आता २४ मिलिअँपिअर घेते.

टायरचा बेत बदलला. १८५/६५ आर१५ वरून १९५/६५ ला जाणार होतो. व्यास ६२१.५ मिमीचा ६३४.५ होतो, म्हणजे दोन टक्के मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी तेवढ्यानेच जास्त वेगात. ओडोही कमी पळतो, म्हणजे वॉरंटीचे दोन हजार किमी फुकट, असा एका मित्राचा शोध! पण सस्पेन्शन किंवा व्हील बेअरिंगचा क्लेम आला तर माझ्याकडे १२.४ व्होल्टसारखा पुरावा नसेल. कंपनीच्याच टॉप व्हेरियंटला येणारा साइज आणि अलॉय शोधतोय, ऑफसेटसकट (चाक आत-बाहेर किती बसतं ते माप) तोच. माप पुस्तकात छापलेलं आहे, त्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

सीट कव्हर शिवायला टाकलेत. सीटच्या कडेला साइड एअरबॅग आहेत, त्या बाजूची शिवण सुटणारी हवी. पहिल्या दुकानदाराला हे समजावता आलं नाही म्हणून दुसरा गाठला.

क्रोम बुलगार्ड कुठला घ्यावा असं विचारणाऱ्या भावाला: कुठलाच नको. २०१७ पासून त्यावर बंदी आहे, आणि समोरून धडक बसली की एअरबॅगच्या सेन्सरचं गणित तो बिघडवतो. मूळ रचनेत बदल म्हटलं की वॉरंटीपलीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, आणि विमा कंपनी आहे. विमा कंपनीला मी स्पीकर, हार्नेस आणि डॅशकॅम बिलांसकट कळवलंय. पॉलिसीत ते नोंदवून घेतले, प्रीमियम किंचित वाढला.

पुढच्या भागात हॉर्न. रिले आणलाय, कपलर यायचाय. या वेळी कपलर येईपर्यंत थांबणार आहे.