थिनरचा रिकामा ड्रम कापायला देऊ नका

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मला दिंडोरी, पिंपळगाव, निफाड अशा सगळ्या बाजूंनी फोन यायला लागतात. नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, कुणाचे तरी भाऊबंद. हवं असतं एकच, २०० लिटरचा लोखंडी ड्रम. कुणाला फवारणीचं औषध कालवायला, कुणाला बागेत पाणी साठवायला, कुणाला अंघोळीचं पाणी तापवायला. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. आमच्याकडे पेंट शॉप आहे, आणि पेंट शॉप म्हटलं की थिनरचे, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रव्याचे, ड्रम आलेच, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

यंदा मामांनी विचारलं. "दोन ड्रम बघ ना गं तुमच्या कंपनीतले. वरचं झाकण इथला फॅब्रिकेशनवाला कापून देईल."

"मामा, आमचे देता येत नाहीत. आणि दुसरीकडून आणलेत तरी कापायला देऊ नका."

"अगं, रिकामाच असतो ना तो?"

भरलेल्या ड्रमजवळ कुणी विडी पेटवत नाही. रिकाम्यावर मात्र ग्राइंडर चालवताना कुणाचाच हात थबकत नाही. मामांना फोनवर जेवढं सांगता आलं त्याहून जरा सविस्तर इथे लिहिते, कारण हे ड्रम अंबडहून, सातपूरहून, सिन्नरहून गावोगाव जातात आणि नेणाऱ्याला आत काय होतं याची कल्पना नसते.

आमच्याकडच्या थिनरमध्ये मोठा वाटा टोल्युईनचा असतो. सोबत अ‍ॅसिटोन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट, कधी आणखी एखादं अल्कोहोल. मी फक्त टोल्युईनबद्दल बोलते. अ‍ॅसिटोन त्याहून लवकर पेट घेतं, त्यामुळे मिश्रणाचा धोका कमी धरायचं कारणच नाही. पेटतं ते पातळ द्रव्य नव्हे, त्याची वाफ. आणि वाफसुद्धा हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. टोल्युईनसाठी ते प्रमाण साधारण १.२ टक्क्यांपासून ७ टक्क्यांपर्यंत आहे. त्याखाली वाफ अपुरी, त्यावर हवा अपुरी.

आता हिशेब करा. २०० लिटरच्या ड्रममध्ये १.२ टक्के म्हणजे जेमतेम अडीच लिटर वाफ. एवढी वाफ व्हायला द्रव किती लागतं? साधारण १० मिलिलिटर. चहाचे दोन चमचे. ड्रम उलटा करून शेवटचा थेंब निथळला असं आपल्याला वाटतं, तेव्हा तळाच्या कडेला, पत्रा दुमडून शिवण घातलेली असते तिथे, याहून कितीतरी जास्त शिल्लक असतं. भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागाच थोडी. रिकाम्यात २०० लिटर हवा आणि दोन चमचे थिनर.

दुसरा आकडा मला जास्त घाबरवतो. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे ४ अंशांवरसुद्धा त्याच्या पृष्ठभागावर पेटण्याइतकी वाफ जमते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० च्याही खाली आहे, पण पेट्रोलची वाफ इतकी दाट होते की बंद टाकीत ती बहुतेक वेळा वरच्या मर्यादेच्या पलीकडे जाते आणि आत पेटायला हवा पुरत नाही. टोल्युईनचं तसं नाही. बंद ड्रममधली त्याची वाफ ४ अंशांपासून साधारण ३७ अंशांपर्यंत नेमकी पेटणाऱ्या पट्ट्यातच राहते. आपलं नाशिकचं हवामान आठवा. निफाडला पारा चार-पाच अंशांवर गेला की वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि उन्हाळ्यात सदतीसच्या वर जाणारे दिवस सोडले तर बाकी सगळं वर्ष या दोन आकड्यांच्या आतच जातं. उन्हाळ्यात पत्रा तापून आतली वाफ दाट झाली, तरी बूच काढल्यावर किंवा पहिली चीर पडल्यावर हवा आत शिरते आणि मिश्रण पुन्हा पट्ट्यात येतं.

"आठ दिवस उन्हात उघडा ठेवला होता," हे मला हमखास ऐकवलं जातं. दोन इंचांच्या तोंडातून वाफ निघून जाईल ही समजूत कुठून आली कोण जाणे. टोल्युईनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ड्रम उभा असेल तर ती तळाशी बसून राहते. शिवाय थिनर नुसतं थिनर राहत नाही. शॉपमधले लोक रंग फवारायची गन धुतलेलं, रंग मिसळलेलं उरलेलं थिनर त्याच ड्रममध्ये ओततात. रंगातली राळ कडेला सुकते, वर कडक पापुद्रा धरते आणि खाली ओलसर गर तसाच राहतो. मी एकदा वापरून टाकलेल्या ड्रमच्या तळाची ती कड लाकडी काठीने खरवडून बघितली होती. वरून वाळलेली, नखाने टकटक वाजणारी; पापुद्रा सुटला आणि आतून ओला, लालसर प्रायमर निघाला, वाससुद्धा ताज्या थिनरचा. असा ड्रम थंड असताना कदाचित आत फारशी वाफ नसेल. पण गॅस कटरची ज्योत किंवा ग्राइंडरची चकती पत्र्याला लागली की पत्रा तापतो, पापुद्र्याखालचं उकळतं आणि वाफ तिथेच, ठिणगीच्या शेजारी तयार होते.

"पाण्याने धुतला" हेही तसंच. टोल्युईन पाण्यात विरघळत नाही, पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वर तरंगतं. बादलीभर पाणी हलवून ओतलं तर पाणी जातं आणि तेलकट थर पत्र्याला चिकटून राहतो. नाकावरही विसंबू नका. थिनरचा वास आधी झणझणीत येतो, मग काही मिनिटांत नाक सरावतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. वाफ तेवढीच असते.

पेट घेतल्यावर बंद जागेत दाब हवेच्या सात-आठ पटींपर्यंत चढू शकतो. ड्रमचा पत्रा तेवढ्यासाठी बनवलेलाच नाही. तो सुटतो वरच्या किंवा खालच्या गोल झाकणापाशी, आणि कापणारा माणूस नेमका त्या झाकणावर वाकलेला असतो. आपल्याकडे अशा बातम्या चार ओळींत छापून येतात, 'ड्रम कापताना स्फोट, कामगार गंभीर'. त्या चार ओळी वाचल्या की दिवसभर माझं कामात लक्ष लागत नाही. तो मुलगा बहुधा वीस-बावीसचा असतो, रोजंदारीवर असतो, आणि आत काय होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

जाणकार लोक असे ड्रम कापतच नाहीत असं नाही. आधी आतून वाफ देऊन नीट साफ करतात, गॅस डिटेक्टर आत सोडून बघतात, कापायच्या रेषेपर्यंत पाणी भरतात किंवा आत नायट्रोजन सोडतात. अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगाराच्या दुकानात किंवा गावातल्या वेल्डिंगच्या टपरीवर यातलं काय असणार?

कायद्याचंही सांगते, कारण "भंगारात तर देता" हे मामांनीही ऐकवलं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम ३३.१ या क्रमांकाखाली घातक कचरा म्हणूनच धरले आहेत. ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना असलेल्यालाच देता येतात. आमच्याकडे ड्रम बाहेर जाताना माझी सही लागते, आणि भंगारवाल्याच्या टेम्पोसाठी ती मी करत नाही. मामांनी शेवटी प्लास्टिकची नवी टाकी घेतली. महाग पडली, कुरकुर झाली, चालायचंच.

आता थंडीचं. दिवाळीनंतर हवा कोरडी पडते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. हाताला जाणवतो तो झटका साधारण १ मिलिज्यूलचा (मिलिज्यूल हे ऊर्जेचं अगदी छोटं माप) असतो. टोल्युईनची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल पुरतं. आणि टोल्युईन वीज वाहू देत नाही, त्यामुळे नळीतून, गाळणीतून किंवा उंचावरून ओतताना त्यात स्थिर वीज साठत जाते. म्हणूनच ड्रममधून कॅनमध्ये थिनर काढताना दोन्ही भांडी तांब्याच्या वेणीच्या तारेने एकमेकांना जोडायची आणि ड्रमला अर्थिंग द्यायचं. तार ड्रमला पकडणाऱ्या क्लॅम्पचं टोक अणकुचीदार असावं लागतं, कारण ड्रमवरच्या रंगावर नुसता चिमटा लावला तर संपर्कच होत नाही. आमच्याकडे कामाला असलेला पोरगा क्लॅम्प लावून थोडा पिळतो, रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसला की मगच पितळी कॉक उघडतो. त्याला हे शिकवायला वेळ लागला, पण आता तो नव्या पोरांना ओरडतो, याचा मला फार आनंद आहे. प्लास्टिकच्या बादलीत किंवा कॅनमध्ये थिनर काढायचंच नाही, तिला कितीही तारा जोडा, वीज तिच्यात अडकूनच राहते. नळी तळापर्यंत सोडायची आणि धार सावकाश ठेवायची.

जड वाफेची गोष्ट पुन्हा काढते, कारण तिचा त्रास लांबवर पोचतो. सांडलेल्या थिनरची वाफ जमिनीलगत सरकते, गटारात उतरते, आणि पलीकडे चहाची शेगडी पेटलेली असेल तर ज्वाळा त्याच वाटेने उलटी ड्रमपर्यंत येते. सांडलं तर कोरडी वाळू टाका, लाकडाचा भुसा नको, तो स्वतःच जळतो. आग लागली तर पाण्याचा फवारा मारू नका, थिनर पाण्यावर तरंगत आग पसरवतं. फोम, डीसीपी (कोरडी रासायनिक पावडर) किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) यांची अग्निशामकं वापरा.

छोट्या वर्कशॉपवाल्यांनो, अजून एक. टोल्युईन पेट्रोलियम कायद्यात पेट्रोलच्याच वर्गात येतं, क्लास ए. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. म्हणजे भरलेला एक ड्रम ठेवला तरी ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. परवान्यांचं काम पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना, बघते, तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे.

संध्याकाळी हाताचा रंग काढायला थिनर वापरणं सोडा. त्वचेतला तेलकटपणा निघून जातो, भेगा पडतात आणि थोडं आतही शिरतं. बंद खोलीत फवारणी केल्यावर डोकं चढतं, गरगरतं, ते थकव्यामुळे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे १०० भाग, होती, आणि कापडी मास्क ही वाफ अजिबात अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेलाच मास्क लागतो. गरोदर बाईला त्या कामावर ठेवू नका.

आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत थिनर भरून घरी नेऊ नका. गेटला टच-अप करायचंय म्हणून नेलेली बाटली ओट्यावर राहते आणि पोर तोंडाला लावतं. तसं झालंच तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. उलटी होताना थिनर फुप्फुसात गेलं तर ते पोटात गेल्यापेक्षा जास्त घातक ठरतं. तसंच उचलून दवाखान्यात न्या, आणि थिनरच्या डब्यावरचं लेबल सोबत घ्या. डॉक्टरांना त्यात टोल्युईन आहे की मिथेनॉल हे कळणं महत्त्वाचं असतं.