तुम्ही विचारलंत म्हणून: माल्कम बटलरचं ते इंटरसेप्शन नशिबाचं होतं का?

अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की मला दोनच प्रश्न येतात, आणि दोन्ही एकाच चेंडूबद्दल. १ फेब्रुवारी २०१५, ग्लेनडेल, ॲरिझोना, सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८-२४ ने पुढे, सिॲटल सीहॉक्स गोलरेषेपासून एका यार्डावर (ती ओलांडली की टचडाउन, सहा गुण), घड्याळात २६ सेकंद. सिॲटलच्या रसेल विल्सनने पास टाकला आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलर नावाच्या नवख्या कॉर्नरबॅकने (पास झेलणाऱ्यांना रोखणारा बचावपटू) तो मधल्या मध्ये उचलला, म्हणजेच इंटरसेप्शन. सामना तिथेच संपल्यात जमा. मग सिॲटलच्या चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूबद्दल एक जण विचारतो, "मार्शॉन लिंचला चेंडू का नाही दिला?" आणि दुसरा म्हणतो, "त्या पोराचं नशीबच, नाही का?"

पहिल्याचं उत्तर लवकर उरकतो. तीन प्रयत्न हातात होते, टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा) एकच. धावणारा अडवला गेला तर घड्याळ चालूच राहतं, पास खाली पडला तर थांबतं. तिन्ही प्रयत्न वापरायचे तर त्यातला एक पास हवाच. शिवाय समोर धाव रोखायला दांडगी माणसं उभी होती. निर्णय चुकला असेल, पण वेडेपणाचा नव्हता. बस.

'नशीब' या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. बटलर मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा. कम्युनिटी कॉलेजच्या संघातून २००९ साली पाच सामन्यांनंतर त्याला बाहेर काढलं. त्याने तळलेल्या चिकनच्या दुकानात नोकरी केली, २०११ मध्ये त्याच कॉलेजात परतला, मग वेस्ट अलाबामाकडून खेळला. ते विद्यापीठ दुसऱ्या श्रेणीतलं, तिथे एनएफएलचे पारखी सहसा फिरकत नाहीत. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, सात फेऱ्यांत २५६ खेळाडू निवडले गेले, त्यांत हा नव्हता. पेट्रियट्सने नवख्यांच्या शिबिरात नुसतं चाचणीला बोलावलं, तेही करार न करता. तिथून करार, मग नव्वद जणांतून त्रेपन्नांत जागा. पुढे रेव्हिस, ब्राउनर, ॲरिंग्टन, रायन अशी कॉर्नरबॅकची रांग. साखळीतले ११ सामने खेळला, इंटरसेप्शन एकही नाही.

आता तो चेंडू. त्यासाठी आधी ती चाल समजून घ्यायला हवी, कारण "समोर आला, पकडला" म्हणणाऱ्यांनी ती पाहिलेली नसते.

दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एकामागे एक उभे राहतात. सिॲटलचे पुढे कीर्स, मागे लॉकेट. पुढच्याने चेंडू पकडायचाच नसतो. त्याने समोरच्या बचावपटूला रेटत नेऊन दुसऱ्या बचावपटूच्या वाटेत उभं करायचं. त्या आडोशाने मागचा तिरका आत घुसतो. एरवी पासाच्या चालीत बचावपटूला असं अडवणं हे फाउल आहे, पण चेंडू जिथून सुटतो त्या रेषेच्या पुढे एका यार्डापर्यंत ते चालतं. चेंडू एका यार्डावर असला की गोलरेषेपर्यंतची सगळी रेटारेटी नियमात बसते. म्हणून ही चाल नेमकी तिथेच खेळतात.

सामन्याआधीच्या सरावात पेट्रियट्सच्या राखीव आक्रमकांनी हीच चाल बटलरसमोर खेळली, आणि तो फसला. पुढच्या जोडीला टाळायला तो मागून वळसा घालून गेला. वळशात एक-दोन पावलं वाया जातात, आणि एका यार्डाच्या खेळात तेवढी पावलं म्हणजे टचडाउन. प्रशिक्षक बेलिचिक यांनी त्याला तिथेच बजावलं, ही चाल तुला गाठायलाच हवी. वळसा नाही. चेंडू जिथे येणार तिथेच सरळ निघायचं, आणि रिसीव्हरच्या आधी पोचायचं.

सामन्यात तो उत्तरार्धात आला, कारण ॲरिंग्टनवर भारी पडणारा रिसीव्हर आवरत नव्हता. शेवटच्या मिनिटाच्या तोंडावर विल्सनने कीर्सकडे लांब पास टाकला. बटलरने उडी मारून चेंडूला हात लावला. बचाव अचूक होता. तरी चेंडू खाली पडलेल्या कीर्सच्या पायांवर आपटत, उडत त्याच्याच हातात गेला. ३३ यार्ड. बटलरने उठून त्याला पाच यार्डांवर मैदानाबाहेर ढकललं, नाहीतर तिथेच खेळ संपला असता. नशिबाचा हिशेब मांडायचाच असेल तर हा चेंडूही मांडा ना. तो कुणी मांडत नाही.

पुढच्या चेंडूवर लिंच चार यार्ड धावला, पेट्रियट्सच्या हायटावरने त्याला एका यार्डावर पाडलं. सिॲटलने तीन रिसीव्हर आणलेले पाहून पेट्रियट्सने तिसरा कॉर्नरबॅक धाडला, बटलर. कीर्ससमोर ब्राउनर होता. आधीच्या मोसमापर्यंत सिॲटलकडूनच खेळलेला, चाल ओळखून असलेला. त्याने चेंडू सुटताच दोन्ही हातांनी कीर्सला जागीच दाबून धरलं. आडोसा तयारच झाला नाही. बटलर मागे उभा होता, तो या वेळी सरळ निघाला आणि लॉकेटच्या आधी पोचला. अशा वेळी बहुतेक जण चेंडू थापटून खाली पाडतात. त्याने धडकेतही तो छातीशी धरला. कारकिर्दीतलं पहिलं इंटरसेप्शन.

आता कबुली. पूर्वी मी ठासून सांगायचो की हे निव्वळ मेहनतीचं फळ. आज तसं म्हणवत नाही. ब्राउनर हलला असता तर बटलर सरावासारखाच अडकला असता. ॲरिंग्टनचा दिवस चांगला गेला असता तर तो बाकावरच राहिला असता. लिंचला चेंडू दिला असता तर आपण त्याचं नावही घेतलं नसतं. सरावात चुकून शिकलेले शेकडो राखीव खेळाडू असतात, त्यांच्या वाट्याला तो चेंडू कधी येतच नाही. मग याला मी काय म्हणू? 'तयारी' म्हटलं तर त्या शेकडोंवर अन्याय होतो, 'नशीब' म्हटलं तर याच्यावर.

तुम्ही म्हणाल, एका चेंडूपुरताच होता. २०१५ च्या मोसमात तो सोळाही सामन्यांत पहिल्यापासून खेळला आणि प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. आणि ४ फेब्रुवारी २०१८, मिनीॲपोलिस, पुन्हा सुपर बोल. संपूर्ण मोसमात बचावाच्या जवळजवळ प्रत्येक चेंडूला मैदानात असलेला बटलर त्या रात्री बचावात एकदाही उतरला नाही. फक्त किकच्या पथकात एक चेंडू खेळला. समोरच्या ईगल्स संघाने ४१ गुण केले, पेट्रियट्स ३३ वर थांबले. त्याला का बसवलं, याचा समाधानकारक खुलासा संघाकडून झाला नाही. तो मैदानाच्या कडेला उभा होता, पूर्ण पोशाखात.