वॉकर आडनावाचा माग

लग्नानंतर मी माझं आडनाव बदललं नाही, पण मुलीला वडिलांचं लागलं: वॉकर. आम्ही यॉर्कशायरमध्ये हडर्सफील्डजवळ राहतो. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं की तिचे पूर्वज खूप चालत असणार. तिनं घरी येऊन आजोबांना विचारलं. सासरे ८१ वर्षांचे. म्हणाले, “कापडाशी काहीतरी संबंध होता, एवढंच माझे आजोबा सांगायचे.” मला वाटलं, दोन रविवारांत शोधून देऊ. आठ महिने लागले.

आडनावाचा अर्थ लगेच सापडला आणि त्यानंच मला खेचून घेतलं. जुन्या इंग्रजीत ‘वॉक’ या क्रियापदाच्या मूळ रूपाचा अर्थ लोळवणं, घुसळणं असा होता. पायी चालणं हा अर्थ नंतर आला. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. ते शिळी लघवी, पाणी आणि तेल शोषणारी माती यांत तासन् तास तुडवायचं. मग तेल निघतं, लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, कापड आटून दाट होतं. हे तुडवणारा तो वॉकर. त्या मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ (earth) म्हणतात. आईनं पुण्याहून पाठवलेल्या मुलतानी मातीच्या पाकिटावर हेच शब्द आहेत. मी ते इतकी वर्षं चेहऱ्याला लावत होते!

काम एकच, पण नाव मुलखागणिक वेगळं. आग्नेय इंग्लंडमध्ये फुलर, डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, मध्य आणि उत्तर भागात वॉकर. त्यामुळे नुसत्या आडनावावरून घराणं साधारण कुठलं, याचा अंदाज येतो.

पण आडनावाचा अर्थ कळला म्हणजे आपलं घराणं कळलं असं नाही. त्यासाठी आजपासून एकेक कागद हातात घेत मागे जावं लागतं. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. सासऱ्यांच्या आजोबांचा जन्मदाखला मागवला. त्यानंतर १९११ ची जनगणना पाहिली. त्या वर्षीचा फॉर्म कुटुंबप्रमुखानं स्वतः भरलेला असतो, म्हणजे आजोबांचं अक्षर समोर आलं. त्यात लग्न झालेल्या बाईला किती मुलं झाली आणि किती हयात, असा रकाना आहे. चार झाली, दोन हयात. आपल्या वडिलांना आणखी दोन भावंडं होती हे सासऱ्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. त्या दिवशी मी पुढचं काही उघडलं नाही.

१८५१ च्या जनगणनेत जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर, लिहिलेला असतो. तिथे घराण्यातला जॉन सापडला: वय ३३, जन्म अल्मंडबरी, धंदा ‘फॅन्सी वीव्हर’, म्हणजे नक्षीचं कापड विणणारा. १८४१ च्या जनगणनेत तोच माणूस २० वर्षांचा दिसतो, कारण त्या वेळी पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. हे ठाऊक नसेल तर आपलाच माणूस आपण नाकारतो.

माझी मोठी चूक इथेच झाली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत १८१८ साली दोन जॉन वॉकर होते. मी पहिला धरला आणि त्याच्यामागे तीन पिढ्या चढले. महिनाभरानं सहज दफनाची वही चाळली, तर तो जॉन सात महिन्यांचा असताना वारला होता. महिन्याचं काम गेलं. खरं तर उत्तर विवाहाच्या दाखल्यात होतं. १८३७ नंतरच्या दाखल्यावर वधू-वरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. जॉनचं लग्न १८४० चं, वडील जोसेफ, विणकर. माझ्यासारखं कुणी यात उतरणार असेल तर तो दाखला आधी मागवा. आणि दुसऱ्यानं मांडलेली तयार वंशावळ कागद न पाहता उचलू नका. मला मिळालेल्या अशा एका वंशावळीत तोच मेलेला जॉन सहा मुलांचा बाप होता.

जोसेफच्या लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी फुली आहे. त्याच्या मागे १७८८ चा बाप्तिस्मा आणि फक्त बापाचं नाव. त्याआधी त्याच नावाचे तीन-चार वॉकर एकाच पॅरिशमध्ये. त्यांत निवड करायला आधार नाही, म्हणून मी तिथेच थांबले.

तरी १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या पाहिल्याच. यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम विभागाच्या त्या याद्यांत साध्या माणसाला चार पेन्स आणि कारागिराला बहुधा सहा, म्हणून धंदा टिपलेला असतो. नाव नुकतंच आडनाव होत असतानाचा तो काळ. पायानं तुडवणं मात्र तेव्हा बरंच मागे पडलं होतं. लीड्सजवळच्या न्यूसममध्ये टेम्पलर पंथाच्या मालकीची, पाण्यावर चालणारी तुडवण-गिरणी ११८५ सालीच नोंदलेली आहे. लाकडी हातोडे कापड कुटायचे. तेव्हा आमचा पहिला वॉकर पायानं तुडवणारा नसून गिरणी सांभाळणारा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. सासऱ्यांना मात्र तुडवणाराच आवडतो.

१३७९ आणि १७८८ यांच्यामधली जागा आमच्या तक्त्यावर कोरी आहे. ती कोरीच ठेवा, असं त्यांनीच सांगितलं. परवा सासूबाई त्यांच्या माहेरचे दाखले घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. त्यांचं माहेरचं आडनाव लिस्टर. जुन्या यॉर्कशायरी बोलीत ‘लिट’ म्हणजे रंगवणं, म्हणजे ते रंगाऱ्याचं. या वेळी विवाहाचा दाखला मी आधीच मागवलाय.