मालवणची शैक्षणिक सहल: आधी पंचांग, मग बस

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या शाळेतून सातवीच्या मुलांना घेऊन एका दिवसाची सहल केली. रॉक गार्डन, सिंधुदुर्ग किल्ला आणि येताना धामापूर तलाव, एवढंच. एका दिवसात सात-आठ ठिकाणं दाखवली की मुलांच्या लक्षात फक्त बस राहते, असं माझं ठाम मत आहे.

तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा. रॉक गार्डनच्या खडकांमधली डबकी बघायची तर ओहोटीच हवी. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि साधारण सहा तास आधी, नऊच्या आसपास ओहोटी. हे गणित आम्ही आठवडाभर आधी वर्गात मुलांकडूनच करून घेतलं. हिशोब ढोबळ आहे, तास-अर्धा तास मागेपुढे होतो, म्हणून छापील कोष्टकाशी ताडून बघा. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी फारसं मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असल्याने ते खूप मागे जातं, पण तेव्हा ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास येते. शाळेला तृतीया-चतुर्थी सर्वांत सोयीची.

साडेसहाला निघालो आणि आठच्या आत खडकांवर होतो. कालवं, छोट्या कुर्ल्या, रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, बोट जवळ नेलं की मिटणारी समुद्रफुलं. दहा मुलांमागे एक शिक्षक, पायात पकड असलेल्या चपला, आणि काहीही उचलून घरी न्यायचं नाही, हे तीन नियम आधीच सांगितले होते. प्रत्येकाने एकच डबकं निवडायचं, वीस मिनिटं त्याच्यापाशीच बसायचं आणि दिसेल ते वहीत काढायचं. वर्गात पाच मिनिटं न टिकणारी मुलं तिथून उठायला तयार नव्हती! पाणी चढायला लागलं की मात्र कुणाचंही न ऐकता मुलांना वर घ्या.

किल्ल्याला मग चढत्या पाण्यात गेलो. होडीत चढण्याआधी प्रत्येक मुलाचं लाइफ जॅकेट शिक्षकाने स्वतः ओढून तपासावं. पावसाळ्यात ही होडीवाहतूक बंद असते. कुरटे बेटावर १६६४ साली बांधकाम सुरू झालं, इतकं पुस्तकात आहे; दिल्ली दरवाजा मात्र अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि तसा तो का बांधला हे मुलांनी तिथे उभं राहून आपणहून सांगितलं. शिवराजेश्वर मंदिरानंतर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींपाशी मी एकच प्रश्न विचारला: चारी बाजूंनी खारं पाणी, मग हे गोडं कसं? पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून त्याच्यावर राहतं, इथपर्यंत दोन मुली पोचल्या. विज्ञानाच्या तासाला हे साधायला मला फळा भरावा लागतो.

जेवण घरच्या डब्यांतलं. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे कुणीतरी आधी जाऊन बघून यावं. दिवसाचं नियोजन त्यावर अवलंबून असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

धामापूरला थोडाच वेळ थांबलो. १५३० साली बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला. रोज याच रस्त्याने जाणाऱ्या पालकांनाही हे माहीत नव्हतं. पाण्यात मुलांना उतरू देऊ नका.

कागदपत्रांसाठी महिनाभर तरी हाताशी ठेवा: पालकांची संमतिपत्रं, शिक्षण विभागाची परवानगी, आणि एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेणं, ज्यात शैक्षणिक सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हापासून परवानगीच्या अटी कडक आहेत आणि त्या तशाच असायला हव्यात. अर्जात समुद्रस्नान नाही असं स्पष्ट लिहा आणि ओहोटीची वेळही नोंदवा. पालकसभेत तोच कागद वाचून दाखवला, तर मुलाला पाठवावं की नाही अशा विचारात असलेले पालकही सही करतात.