सातबाऱ्यावरचं क्षेत्र: हेक्टर, आर, गुंठे आणि मधली टिंबं

सातबाऱ्यात क्षेत्राच्या रकान्यात १.३७.५० असा आकडा असतो. दोन टिंबं, तीन घरं. पहिलं घर हेक्टरचं, दुसरं आरचं, तिसरं चौरस मीटरचं. म्हणजे हे क्षेत्र 'एक हेक्टर सदतीस आर पन्नास चौरस मीटर' असं वाचायचं. पण जमिनीचं बोलणं एकर-गुंठ्यात होतं, प्लॉट चौरस फुटावर विकला जातो आणि खताची शिफारस 'किलो प्रति हेक्टर' अशी छापून येते. या सगळ्यांत जी गडबड होते ती बहुतेक वेळा गुणाकार चुकल्यामुळे होत नाही. टिंब कशाचं आहे हे पाहिलेलं नसतं म्हणून होते.

मेट्रिक बाजू सोपी आहे. १० मीटर बाजूचा चौरस म्हणजे १ आर, अर्थात १०० चौरस मीटर. १०० मीटर बाजूचा चौरस म्हणजे १ हेक्टर, अर्थात १०० आर किंवा १०,००० चौरस मीटर. (आर हे एकक १७९५ च्या फ्रेंच कायद्यातलं. जगात बऱ्याच ठिकाणी ते मागे पडलं, आपल्या महसुली कागदांत मात्र रोज वापरात आहे.) प्रत्येक घर शंभराचं असल्यामुळे १.३७.५० मधलं दुसरं टिंब काढलं तरी आकडा बरोबरच राहतो: १.३७५० हेक्टर. दोन्ही टिंबं काढली की थेट चौरस मीटर मिळतात: १३,७५०. बेरजेतही हातचा शंभरालाच येतो. ०.६५.८० आणि ०.४८.४५ मिळवा. ८० अधिक ४५ म्हणजे १२५. २५ लिहून १ आर पुढे. ६५, ४८ आणि १ म्हणजे ११४. १४ लिहून १ हेक्टर पुढे. उत्तर १.१४.२५.

हे सगळं चालतं ते एका अटीवर: आर आणि चौरस मीटर दोन्ही घरांत दोन-दोन आकडे हवेत. १ हेक्टर ५ आर हे १.०५ असं लिहायचं. कुणी १.५ लिहिलं की कॅल्क्युलेटर त्याचे दीड हेक्टर करतो, म्हणजे ४५ आर फुकट वाढले. हस्तलिखित जुन्या उताऱ्यांवरून नवा कागद टाइप करताना हे शून्य गळतं. दुसरी जागा बिनशेतीच्या सातबाऱ्याची. २०२० मध्ये आलेल्या नव्या नमुन्यात शेतजमिनीचं एकक 'हेक्टर आर चौरस मीटर' आणि बिनशेतीचं 'आर चौरस मीटर' आहे. बिनशेतीच्या उताऱ्यावर ५.२५ दिसलं तर ते सव्वापाच हेक्टर नव्हे. ५ आर २५ चौरस मीटर, म्हणजे ५२५ चौरस मीटर. आकडा वाचण्याआधी रकान्यात छापलेलं एकक वाचा.

आता एकर-गुंठे. जुनी मोजणी शंकू-साखळीची होती आणि साखळी ३३ फुटांची. त्या साखळीचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा: ३३ × ३३ = १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर: ४३,५६० चौरस फूट. गुंठ्याचा सोळावा भाग म्हणजे आणा, ६८ चौरस फुटांहून किंचित जास्त. इथे हातचा चाळिसाला येतो, शंभराला नाही. १ एकर २५ गुंठे आणि २ एकर ३० गुंठे मिळून ४ एकर १५ गुंठे होतात. '२.२०' असं लिहिलेलं एकर-गुंठ्याचं क्षेत्र म्हणजे अडीच एकर. कॅल्क्युलेटरवर ते २.२ म्हणून टाकलंत तर तीस शतांश एकर, म्हणजे तब्बल १२ गुंठे उडाले. छत्तीसगड-बंगालकडे एकराचे शंभर भाग करून डिसमिल म्हणतात, तिथे मात्र २.२० म्हणजे खरंच २.२ एकर. म्हणून एकर-गुंठे लिहिताना टिंब वापरूच नये. '२ एकर २० गुंठे' असं अक्षरी लिहावं. खरेदीखताच्या मसुद्यात तर हा आग्रह धराच.

दोन्ही बाजूंना जोडणारा आकडा एकच पाठ करा: १ गुंठा = १०१.१७ चौरस मीटर. त्यावरून १ एकर = ४,०४६.८६ चौरस मीटर, म्हणजे ४०.४७ आर. १ हेक्टर = २.४७१ एकर, म्हणजे २ एकर आणि जवळजवळ १९ गुंठे (नेमके १८.८४).

पद्धत अशी. काहीही कशातही बदलायचं असलं तरी आधी चौरस मीटरवर या, मग तिथून हव्या त्या एककात जा. वरचंच क्षेत्र घ्या: १३,७५० चौरस मीटर. ४,०४६.८६ ने भागलं की पूर्ण एकर ३ निघतात आणि १,६०९.४२ चौरस मीटर उरतात. त्यांना १०१.१७ ने भागा: १५.९१ गुंठे. म्हणजे ३ एकर १५ गुंठे, आणि उरलेले सुमारे साडेचौदा आणे. उलट जायचं असेल तर एकराचे आधी गुंठे करा. २ एकर २० गुंठे म्हणजे १०० गुंठे, १०० × १०१.१७ म्हणजे १०,११७ चौरस मीटर. उजवीकडून दोन-दोन आकडे तोडा: १.०१.१७. झालं. ३५ गुंठे? ३,५४१ चौरस मीटर, म्हणून ०.३५.४१. पुढचं शून्य विसरू नका.

'एक आर म्हणजे एक गुंठाच' असं सर्रास म्हटलं जातं. बांधावर उभं राहून अंदाज सांगायला ते चालतं, पैसे मोजताना चालत नाही. आर गुंठ्यापेक्षा सव्वा टक्क्याच्या आतबाहेर लहान आहे. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर आणि एकर म्हणजे ४,०४६.८६, फरक सुमारे ५०४ चौरस फुटांचा, जवळजवळ अर्धा गुंठा. एकरी साठ लाखांचा भाव ठरला आणि खरेदीखतात ०.४०.०० क्षेत्र लिहिलं गेलं, तर घेणाऱ्याने न मिळालेल्या जमिनीचे सुमारे ६९ हजार रुपये दिले. वरच्या १.३७.५० चे आर गुंठे समजून वाचले तर ३ एकर साडेसतरा गुंठे होतात, खऱ्यापेक्षा सुमारे १,७३४ चौरस फूट जास्त. तोंडी हिशेब करायचाच असेल तर शंभर आरांमागे १.१६ गुंठे वजा करा, म्हणजे उत्तर पुरेसं नेमकं येतं.

हाच फरक सरकारी मर्यादांच्या बाबतीत टोचतो. जिथे नियमात २ हेक्टर लिहिलंय, तिथे बोलताना सगळे 'पाच एकर' म्हणतात. पण पुरते पाच एकर म्हणजे २.०२.३४. दोन हेक्टरांच्या वर २३४ चौरस मीटर. २ हेक्टर म्हणजे ४ एकर ३७.६८ गुंठे. अर्ज करताना मर्यादा कोणत्या एककात लिहिली आहे ते पाहून त्याच एककात तपासा, बोलीतल्या गोल आकड्यावर विसंबू नका.

वाटणीच्या जुन्या कागदांत आणे दोन अर्थांनी येतात आणि इथे फार जपावं लागतं. '३ गुंठे ४ आणे' यातले ४ आणे म्हणजे पाव गुंठा, सुमारे २५ चौरस मीटर. 'चार आणे हिस्सा' यातले ४ आणे म्हणजे संपूर्ण जमिनीच्या सोळा आण्यांपैकी चार, म्हणजे चौथाई. गट ०.८०.०० चा असेल तर हा हिस्सा २० आरांचा झाला. शेजारचा शब्द गुंठे आहे की हिस्सा, यावर सगळं ठरतं. वाटणीत बेरजेची आणखी एक अडचण येते. ०.८५.०० क्षेत्राचे तीन सारखे वाटे केले तर ८,५०० ला ३ ने भागून २,८३३.३३ येतात. तिघांनाही ०.२८.३३ लिहिलं तर बेरीज ०.८४.९९ भरते. चौरस मीटर एकच, पण गटाच्या क्षेत्राशी मेळ बसत नाही आणि फेरफाराच्या वेळी हरकत निघते. एकाच्या नावे ०.२८.३४ धरायचं हे वाटणीपत्रातच लिहून टाकावं.

चौरस फुटांचं थोडक्यात. १ चौरस मीटर = १०.७६४ चौरस फूट. मीटरचे फूट करायचे ३.२८ ध्यानात असतात आणि क्षेत्रालाही कुणी त्यानेच गुणतं. तो आकडा लांबीचा आहे, क्षेत्राला त्याचा वर्ग लागतो. १ आर = १,०७६.४ चौरस फूट. चौरस वारात भाव असेल तर १२१ वारांचा गुंठा. बिघ्याला ठाम आकडा नाही, प्रांतागणिक तो बदलतो. कागदात बिघा असेल तर त्याच गावचा कोष्टक-आकडा मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. गोव्यात प्लॉटचे भाव चौरस मीटरवरच बोलले जातात, त्यामुळे तिथली जमीन घेणाऱ्या आपल्याकडच्या माणसाने चौरस फुटाचा दर मनात धरून तुलना करायची असेल तर त्याला १०.७६४ ने गुणावं.

पोटखराबाही, म्हणजे लागवडीला न येणारा भागही, पाहायचा. १.३७.५० मध्ये लागवडयोग्य १.३०.०० आणि पोटखराब ०.०७.५० असू शकतं. पोटखराबाच्या वर्ग अ मध्ये खडक, दगड, नापीक भाग येतो. वर्ग ब मध्ये रस्ता, कालवा, तलाव अशी सार्वजनिक कामाची जागा. मालकी एकूण क्षेत्राची, पण बियाणं-खताचा हिशेब लागवडयोग्य क्षेत्रावरच करायचा.

खताच्या हिशेबात तर भागायचं तिथे गुणलं जातं. क्षेत्राचा आकडा हेक्टरकडून एकराकडे जाताना २.४७ पटीने वाढतो. 'प्रति हेक्टर' दर मात्र 'प्रति एकर' होताना तेवढ्याच पटीने घटतो. सोयाबीनचं ७५ किलो प्रति हेक्टर बियाणं म्हणजे एकरी ३० किलो. १०० किलो नत्र प्रति हेक्टर म्हणजे एकरी साडेचाळीस किलो. गुंठ्यावर आणायचं असेल तर प्रति हेक्टर आकड्याला जवळजवळ ९९ ने भागा, म्हणजे व्यवहारात शंभराने भागलं तरी खताच्या बाबतीत बिघडत नाही. औषध फवारणीत मात्र लिटरमागचं प्रमाण आणि हेक्टरमागचं प्रमाण अशी दोन्ही लेबलवर असतात, ती एकमेकांत मिसळू नका. पाण्यासाठी मेट्रिक एकदम सोयीचं पडतं: हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १०,००० लिटर, एकरावर ४,०४७ लिटर.

कागदावरचं झालं. जमिनीवर टेप लावला की चुका वेगळ्या होतात. लहान तुकड्यात त्या मोठ्या होतात: १० मीटर बाजूच्या चौरसात प्रत्येक बाजू मीटरभर जास्त धरली तर १०० चे १२१ होतात, म्हणजे एकवीस टक्के. मोबाइलचं जीपीएस सहज काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे दोन-चार गुंठ्यांचा प्लॉट त्याने मोजून वाद घालण्यात अर्थ नाही. डोंगरउतारावर टेप जमिनीला चिकटवून धरला की लांबी फुगते. महसुली क्षेत्र आडव्या पातळीतलं असतं. २० अंशांच्या उतारावर १०० मीटर टेप म्हणजे आडवं अंतर फक्त ९४ मीटर. म्हणून उतारावर टेप आडवा ताणून, ओळंबा सोडून, टप्प्याटप्प्याने मोजायचं.

वेड्यावाकड्या चौकोनात समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणण्याची रीत गावोगाव आहे. ती काटकोन चौकोन सोडून प्रत्येक वेळी क्षेत्र जास्तच दाखवते. क्रमाने ६०, ४०, ५० आणि ३० मीटर बाजू घ्या. सरासरीने ५५ × ३५ = १,९२५ चौरस मीटर. आता एक कर्ण मोजा, असा की ज्याच्या एका अंगाला ६० आणि ४० च्या बाजू येतील आणि दुसऱ्या अंगाला ५० आणि ३० च्या. कर्ण ६० मीटर भरला तर क्षेत्र १,८७९.७, आणि ७० भरला तर १,८४७.२. बाजू त्याच चार, क्षेत्रं वेगळी. कर्णाशिवाय चौकोनाचं क्षेत्र ठरतच नाही. कर्णाने झालेल्या प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज निम्मी करा, त्या निमपटीतून एकेक बाजू वजा करा, निमपट आणि तिन्ही वजाबाक्या यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. ६०, ४०, ७० साठी निमपट ८५. ८५ × २५ × ४५ × १५ चं वर्गमूळ १,१९७.७ चौरस मीटर. ५०, ३०, ७० चा दुसरा त्रिकोण ६४९.५ चा. पाच बाजू असतील तर दोन कर्ण आणि तीन त्रिकोण.

मोजणी नकाशाची क प्रत (मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारी नकाशाची प्रत) हातात असेल तर तिच्यावरूनही पडताळा घेता येतो. १:१००० परिमाणात कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर, म्हणून कागदावरचा १ चौरस सेंटिमीटर म्हणजे बरोबर १ आर. १:५०० वर तो पाव आर, २५ चौरस मीटर. फक्त नकाशा झेरॉक्स किंवा पानात बसवून छापलेला असेल तर परिमाण बिघडलेलं असतं. लांबी पाच टक्क्यांनी आखडली तर क्षेत्र जवळजवळ दहा टक्क्यांनी घटतं. नकाशावर लिहिलेली एखादी लांबी पट्टीने मोजून आधी ताडून पाहा, ती जुळली तरच चौरस सेंटिमीटर मोजायला घ्या.